बेंगळुरूची थंडी आणि शाळेची बाग

(हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेल्या भाषणाचा मसुदा)



हीरक महोत्सवाच्या व्यासपीठावरून मुख्याध्यापिकेने निकाल, इमारत आणि देणगीदार यांविषयी बोलावे, असा संकेत आहे. ते सारे छापील अहवालात आले आहे आणि अहवाल आपल्या हाती आहे. मी आज शाळेच्या मागील अंगणातील बागेविषयी बोलणार आहे. ती चाळीस बाय साठ फुटांची जागा, म्हणजे बेंगळुरूच्या बोलीत सांगायचे तर एक 'साइट', फरशा घालून वाहनतळ करावी, असा प्रस्ताव सध्या मंडळापुढे आहे. सकाळी आणि दुपारी आपल्या दारातील रस्त्यावर होणारी कोंडी मी रोज पाहते. तेव्हा ज्या पालकांनी हा प्रस्ताव मांडला, त्यांची अडचण खोटी आहे असे मी म्हणणार नाही. मात्र माझे मत प्रस्तावाच्या विरुद्ध आहे. ते आरंभीच सांगून टाकते, म्हणजे पुढचे बोलणे कोणत्या दिशेने जाणार हे आपल्याला कळेल.

बागेचा विचार करताना आपण माती, पाणी आणि खत यांचा हिशेब करतो. हवा फुकट मिळते, म्हणून ती हिशेबात धरली जात नाही. बेंगळुरूची बागाईत मात्र सर्वप्रथम हवेवर उभी आहे. मंगळुरू, बेंगळुरू आणि चेन्नई ही तीन शहरे जवळजवळ एकाच अक्षवृत्तावर आहेत. सूर्य तिघांनाही सारखाच तापवतो. परंतु आपले शहर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरांहून अधिक उंचीवर आहे, आणि दर हजार मीटर उंचीला हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. म्हणजे सहा अंशांचा दिलासा या पठाराने आपल्याला जन्मतःच दिलेला आहे. जानेवारीतील रात्रीचे सरासरी तापमान पंधरा-सोळा अंशांच्या आसपास, एप्रिलमधील दुपारचे चौतीसच्या आसपास, आणि पाऊस एकदम न कोसळता मे महिन्यात एकदा व सप्टेंबर-ऑक्टोबरात पुन्हा एकदा असा दोन हप्त्यांनी येणारा. माळ्याला याहून अधिक काय हवे?

हिमवर्षाव होणाऱ्या देशांतून आलेले आमचे माजी विद्यार्थी या 'थंडी'ला हसतील, हे मी जाणते. त्यांच्याकडे बागेचे पंचांग दोन तारखांनी ठरते: वसंतातील शेवटचे हिमतुषार केव्हा पडतील आणि शरदातील पहिले केव्हा. या दोन तारखांच्या मधल्या काळात जे उगवेल, फुलेल आणि पिकेल, तेवढीच बाग. कॅनडात किंवा इंग्लंडात राहणाऱ्या मराठी घरांतील कढीपत्त्याची कुंडी उन्हाळ्यात गच्चीत आणि हिवाळ्यात खिडकीच्या आत असते. घरातील लहान मुलाइतकी तिची ने-आण होते. त्याच देशांत डॅफोडिल आणि ट्यूलिप यांचे कंद मात्र मातीत निश्चिंत झोपलेले असतात, कारण तीन-चार महिन्यांची कडक थंडी मिळाल्याखेरीज ते नीट फुलतच नाहीत. एकाच थंडीत एक झाड मरते आणि दुसरे तिच्यावाचून जागे होत नाही.

हाच धडा आपल्या बागेत मुलांना मिळाला तो कोबीच्या निमित्ताने. सहावीच्या वर्गातील एका मुलीने विचारले, "बाई, मेथीला फूल येते, मुळ्याला येते, कोबीला का येत नाही?" प्रश्न साधा होता, पण उत्तर द्यायला मला दुसरा दिवस लागला. कोबी ही मुळात दोन वर्षांची वनस्पती. पहिल्या वर्षी ती गड्डा बांधते. मग काही आठवडे दहा अंशांखालची थंडी अंगावर घेते. आणि त्यानंतरच तिला फुलाचा दांडा येतो. या शीतसंस्काराला वनस्पतिशास्त्रात वासंतीकरण असे सुंदर नाव आहे. युरोपीय जातीच्या नारिंगी गाजराचेही तसेच. बेंगळुरूची थंडी गड्डा बांधण्याइतकी आहे, फुलण्याइतकी नाही. म्हणून आपल्या बाजारात कोबी व गाजर मुबलक दिसतात, परंतु त्यांच्या अशा जातींचे बियाणे हिमाचलमधील कुलूच्या खोऱ्यासारख्या प्रदेशांत तयार होते. ज्या पुडीतून आपण चिमूटभर बी पेरतो, तिच्यात बर्फाळ डोंगरातला एक हिवाळा साठवलेला असतो. हे मी सांगितले तेव्हा त्या मुलीने पुडी उलटी करून नीट पाहिली.

गाजराच्या गोडीचे कारणही रात्रीच्या हवेत आहे. पान दिवसा उन्हात साखर तयार करते आणि रात्री श्वसनासाठी त्यातली काही खर्च करते. रात्र उबदार असेल तर खर्च वाढतो. रात्र गार असेल तर शिल्लक मुळात जाते. टोमॅटोचे फळ धरायलाही रात्र पंधरा ते वीस अंशांच्या दरम्यानची लागते. मटाराची फुले उन्हाळी उष्म्यात गळून जातात. म्हणजे दुपारचे ऊन कितीही चांगले असले तरी भाजीपाल्याचा निकाल बऱ्याच अंशी रात्री लागतो. ही गोष्ट कृपया लक्षात ठेवावी. वाहनतळाच्या संदर्भात मी तिच्याकडे पुन्हा येणार आहे.

या हवेची किंमत ओळखणारे लोक येथे पूर्वापार आले. १६३८ मध्ये बेंगळुरू शहाजीराजांच्या जहागिरीत आले. ते हवेसाठी आले असे मी म्हटले, तर आमचे इतिहासाचे शिक्षक मला क्षमा करणार नाहीत. तेव्हा तो मोह आवरते. बागेची निश्चित कथा सुरू होते ती १७६० मध्ये, हैदर अलीने लालबागेची आखणी केली तेव्हापासून. टिपूने ती वाढवली. १८५६ मध्ये ती सरकारी वनस्पती उद्यान झाली आणि पुढे जॉन कॅमेरन या अधीक्षकांच्या काळात, १८८९ साली, तेथील सुप्रसिद्ध काचगृहाची पायाभरणी झाली. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या धर्तीवरची ही वास्तू. थंड देशात काचगृह उभारतात ते आतल्या झाडांना ऊब मिळावी म्हणून. आपल्याकडे तशी गरज नव्हती. येथे ते मुख्यतः फुलांच्या प्रदर्शनांचे सभागृह झाले. प्रजासत्ताक दिन आणि स्वातंत्र्यदिन या सुमारास भरणारी दोन प्रदर्शने आपण सर्वांनी रांगेत उभे राहून पाहिली आहेत.

त्या काळात युरोपातील अनेक भाज्या आणि फळझाडे येथे रुळली. कन्नडमध्ये परक्या वस्तूला 'सीमे' हे विशेषण लागते, जसे मराठीत 'विलायती'. चायोटे या मध्य अमेरिकेतील डोंगराळ मुलखातल्या वेलफळाला कानडी मंडळी 'सीमे बदने' म्हणतात, तर शेजारच्या तमिळनाडूत त्याचे नाव चक्क 'बेंगळुरूचे वांगे' असे आहे. मेक्सिकोकडून आलेल्या फळाला आपल्या गावाचे नाव मिळाले, ते येथील हवा त्याला मानवली म्हणूनच. 'बेंगळुरू ब्लू' या द्राक्षाला तर भौगोलिक मानांकनही आहे. शहराच्या परिसरात एकेकाळी 'रोम ब्यूटी' जातीच्या सफरचंदांच्या बागा होत्या, ही गोष्ट आज मुलांना परीकथा वाटते.

मराठी माणसाने आवर्जून स्मरण करावे असे या कथेतील एक नाव गुस्ताव हर्मान क्रुम्बिगल यांचे आहे. जर्मनीत ड्रेस्डेनजवळ जन्मलेले आणि लंडनच्या क्यू उद्यानात काम केलेले हे उद्यानतज्ज्ञ १८९३ मध्ये बडोद्यास, सयाजीराव गायकवाडांच्या संस्थानात आले. तेथून १९०८ मध्ये ते बेंगळुरूत आले आणि १९५६ मध्ये याच शहरात त्यांचे निधन झाले. बडोद्याच्या उन्हाळ्यात बाग जगवणे आणि बेंगळुरूच्या हवेत बाग फुलवणे ही दोन अगदी वेगळी कामे आहेत. दुसऱ्या कामात त्यांनी एक अपूर्व विचार केला: रस्त्यांच्या कडेची झाडे अशी निवडायची की वर्षाच्या प्रत्येक महिन्यात शहरात कुठे ना कुठे बहर असावा. थंडी सरता सरता गुलाबी टॅबेबुया, मग निळा जॅकरंडा, मग वैशाखातला गुलमोहर. आपण ज्याला शहराचे सौंदर्य म्हणतो, ते झाडांच्या रूपाने लिहिलेले हवेचे वेळापत्रक आहे.

थंडी म्हणजे केवळ वरदान, असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. आपल्या नातेवाइकांपैकी पुष्कळांचे मूळ नाशिक, सातारा, रत्नागिरी या जिल्ह्यांत आहे, त्यांना विचारा. निफाड तालुक्यात कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात नोंदले गेलेले नीचांकी तापमान वर्तमानपत्रांत छापून येते, तेव्हा आपण पुण्या-मुंबईचे लोक 'कडाक्याची थंडी' म्हणून मजेने वाचतो. द्राक्षबागाईतदाराच्या पोटात मात्र गोळा येतो. ऑक्टोबरात छाटणी करून वाढवलेल्या घडांची मणी फुगण्याची वेळ आणि थंडीच्या लाटेची वेळ एकच. पारा फार उतरला की मण्यांची वाढ थांबते, ते तडकतात, वर्षाचे कर्ज अंगावर येते. म्हणून पहाटे बागेत ठिकठिकाणी शेकोट्या पेटवून धूर केला जातो, विहिरीचे त्या मानाने कोमट पाणी बागेला सोडले जाते. गव्हाला आणि हरभऱ्याला तीच थंडी मानवते. एकाच बांधाच्या दोन बाजूंना एक शेतकरी थंडी वाढावी म्हणून आणि दुसरा कमी व्हावी म्हणून देवाला हात जोडत असतो.

कोकणातील हापूसची गोष्ट आणखी गुंतागुंतीची. पाऊस संपल्यावर गारवा पडला तरच आंब्याला मोहोर येतो. पण फळे धरल्यानंतरही थंडी रेंगाळली, तर झाडाला पुन्हा मोहोर फुटतो आणि नव्या मोहोराकडे अन्न वळल्याने आधीची बोराएवढी, सुपारीएवढी फळे गळून पडतात. याला तेथील बागाईतदार पुनर्मोहोर म्हणतात. जिच्यामुळे पीक आले, तिनेच अधिक वेळ थांबून ते नेले. महाबळेश्वरात तर वेण्णा तलावाच्या परिसरात डिसेंबर-जानेवारीत दवबिंदू गोठतात. पर्यटक त्याची छायाचित्रे घेतात आणि स्ट्रॉबेरीचे शेतकरी रोपांची काळजी करतात. त्या गिरिस्थानावर विलायती भाज्या आणि बटाटे पिकवण्याची सुरुवात झाली त्यात एकोणिसाव्या शतकात तेथे ठेवलेल्या चिनी कैद्यांचा वाटा होता, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असेल? थंड मुलखाची बागाईत कुणाकुणाच्या हातून आपल्यापर्यंत आली, हा स्वतंत्र भाषणाचा विषय आहे. येथे फक्त नोंद करून पुढे जाते.

आता पुन्हा आपल्या अंगणात येऊ. डिसेंबर-जानेवारीत बेंगळुरूचे बाजार ज्या शेंगेने भरून जातात ती अवरेकाय, म्हणजे आपला पावटा. व्ही. व्ही. पुरम भागातील तिची जत्रा आपल्याला परिचित आहे. तिच्या वासासाठी येथील माणसे वर्षभर वाट पाहतात आणि तो वास दवामुळे येतो असे मानतात. ते खरे असो वा नसो, शेंगेला थंडीचा मोसम मिळतो तो दिवसाच्या लांबीमुळे. पावट्याच्या जुन्या जाती दिवस लहान झाल्याखेरीज फुलतच नाहीत. हेसरघट्टा येथील भारतीय बागवानी संशोधन संस्थेने 'अर्का जय' आणि 'अर्का विजय' या जाती काढल्या, त्यांना दिवसाच्या लांबीचे हे बंधन नाही. त्या वर्षभर घेता येतात. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही मोठी सोय आहे. तरीही मी शाळेच्या कुंपणावर मुद्दाम जुनीच जात लावायला सांगते. ऋतूची वाट पाहणे हा गुण फळ्यावर लिहून शिकवता येत नाही, आणि ऑगस्टमध्ये बी टोकून जानेवारीपर्यंत थांबणाऱ्या मुलाला तो शिकवावा लागत नाही.

बागेत शास्त्राचे जे तास होतात, त्यांपैकी एकाचे वर्णन करते. आठवीच्या मुलांना जानेवारीत सकाळी सातला बोलावून कोणत्या पानांवर दव आहे ते पाहायला सांगितले. उघड्या आकाशाखालचा कोबी भिजलेला होता. गुलमोहराखालचा पालक कोरडा होता. भिंतीलगतचा एक हात रुंदीचा पट्टाही कोरडा होता. मुलांनीच तर्क केला की रात्री जमीन आपली ऊब आकाशाकडे सोडते. वर झाडाचे छत असले तर ती ऊब अडते. आणि भिंत तर दिवसभर खाल्लेले ऊन रात्रभर परत देत राहते. ढगाळ रात्रीनंतर दव का नव्हते, हेही त्यांना मग कळले. पाठ्यपुस्तकातील प्रारण हा शब्द त्या वर्गाला पुन्हा समजवावा लागला नाही.

भिंतीलगतचा तो कोरडा पट्टा म्हणजे आजचे बेंगळुरू आहे. या शहराचे आजवरचे नीचांकी तापमान ७.८ अंश सेल्सिअस हे १३ जानेवारी १८८४ रोजीचे आहे, उच्चांक ३९.२ अंश हा एप्रिल २०१६ मधला. एका दिवसाच्या विक्रमावरून हवामान ठरत नाही, हे मान्य. पण या शहरात सिमेंट, काँक्रीट आणि डांबर किती पसरले हे दिसायला तापमापक लागत नाही. धर्मांबुधी तलावाच्या जागी मॅजेस्टिकचे बसस्थानक आहे. संपंगी तलावाच्या जागी कंठीरव क्रीडांगण आहे. पाणी आणि ओली माती दिवसाची उष्णता बाष्पीभवनात खर्च करतात. फरशी ती साठवते आणि रात्री परत करते. म्हणजे शहर तापते तेव्हा आधी हरवतात त्या गार रात्री, आणि मघाशी सांगितल्याप्रमाणे बागेचा निकाल रात्रीच लागतो. येथील संशोधक हरिणी नागेंद्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की झाडे असलेल्या रस्त्यांवर दुपारची हवा झाडे नसलेल्या रस्त्यांहून ५.६ अंशांपर्यंत थंड असते, आणि रस्त्याच्या पृष्ठभागात तर २७.५ अंशांपर्यंत फरक पडतो. नऊशे मीटर उंच चढून जेवढा गारवा मिळतो, जवळजवळ तेवढाच झाडांची एक रांग देते.

चाळीस बाय साठ फुटांच्या तुकड्याने शहराचे हवामान बदलणार नाही, असा आक्षेप पालक सभेत घेतला गेला. तो बरोबर आहे. शहराचे बदलणार नाही. परंतु त्या तुकड्याला लागून असलेल्या चार वर्गांचे बदलेल. बालवाडी आणि पहिली-दुसरीचे ते वर्ग आहेत. मार्च-एप्रिलच्या दुपारी त्यांच्या खिडक्यांतून आत येणारी हवा आज ओल्या वाफ्यांवरून आणि गुलमोहराखालून येते. उद्या ती फरशांवरून आणि उभ्या मोटारींवरून येईल. सहा वर्षांच्या मुलांना पंख्याखाली घामाघूम बसवून आपण मोठ्यांची दहा मिनिटांची गैरसोय वाचवणार असू, तर तो व्यवहार मला महाग वाटतो. शिवाय तेथे एका वेळी मोजक्याच गाड्या उभ्या राहतील, आणि त्या आत-बाहेर काढताना मुलांच्या येण्याजाण्याची वाट अडेल, तो प्रश्न वेगळाच.

कोंडीवर दुसरा उपाय मंडळाला लेखी दिला आहे. प्राथमिक आणि माध्यमिक विभागांच्या सुटण्याच्या वेळांत वीस मिनिटांचे अंतर ठेवावे. जवळ राहणाऱ्या मुलांचे गट करून एकेका पालकाने आळीपाळीने त्यांना चालत आणावे. दुचाकींसाठी पुढील भिंतीलगतची जागा आखून द्यावी. त्या भिंतीजवळ तसेही काही उगवत नाही, हे आठवीच्या मुलांनी सिद्धच केले आहे. हा उपाय एक सत्र करून पाहावा आणि मग बागेचा निर्णय घ्यावा, एवढीच माझी विनंती आहे. फरशी कधीही घालता येते. साठ वर्षे खत-पाला मुरून काळी झालेली माती मात्र फरशीखाली गेल्यावर उकरून पुन्हा तशी मिळत नाही.

मंडळाची बैठक पुढील महिन्याच्या पहिल्या शनिवारी आहे. पालकांनी आपले मत, बाजूचे वा विरुद्ध, कार्यालयात लेखी द्यावे. माजी विद्यार्थ्यांचे पत्रही ग्राह्य धरले जाईल असे अध्यक्षांनी मला सांगितले आहे. बैठकीत काहीही ठरले तरी या हिवाळ्याची पेरणी थांबवलेली नाही. परतीचा पाऊस ओसरला की मुले वाफे करतील. नवलकोल, गाजर आणि मटार यांचे बी आणून ठेवले आहे. खुरपी आठच आहेत आणि मुले चाळीस, तेव्हा ज्यांच्या घरी एखादे जादा असेल त्यांनी ते मुलांबरोबर पाठवावे.